रिव्ह्यूअर चौऱ्याहत्तर

३ फेब्रुवारी, मंगळवार

मेलं म्हणे! माझं झाड मेलेलं होतं म्हणे!

सकाळी डोळे चोळत फोन उघडला तर, मी झाडं विकतो त्या ॲपचा मेल. गेल्या आठवड्यात ज्या माणसाने माझ्याकडून तीन लिथॉप्स घेतली, त्याने तक्रार ठोकलीये. कारण — 'वस्तू मृत अवस्थेत मिळाली.' सोबत फोटो. पैसे परत हवेत. मला मेसेज नाही, साधं विचारलंसुद्धा नाही. थेट वर!

फोटोत काय, तर वाळकी, सुरकुतलेली तपकिरी पानं. अरे महाराजा, ते मरत नाहीये, ते कात टाकतंय! लिथॉप्स म्हणजे हुबेहूब दगडासारखी दिसणारी झाडं. दोनच जाड पानं, मध्ये एक चीर. वर्षातून एकदा त्या चिरेतून नवीन जोडी वर येते आणि जुन्या पानांतलं पाणी पिऊन टाकते. जुनी पानं वाळून कागदासारखी होतात. असंच व्हायला हवं! आत्ता माझ्या गच्चीवरची सगळीच्या सगळी अशी दिसतायत. म्हणून तर मी प्रत्येक खोक्यात कार्ड घालतो — 'वाळलेलं दिसलं तरी घाबरू नका. पाणी घालू नका. थांबा.' ठळक अक्षरात. चित्रासकट! पण वाचायचं कुणी?

ॲपने त्याचे पैसे माझ्या खात्यातून उचलून बाजूला ठेवलेत, निर्णय होईपर्यंत. आणि वर 'विवाद शुल्क' म्हणून वेगळे कापलेत. ते मी जिंकलो तरी परत मिळत नाहीत. म्हणजे भांडण त्याने उकरून काढायचं आणि तिकीट मी काढायचं!

दिवसभर इंग्लिशमध्ये 'काइंडली' आणि 'रिक्वेस्ट' लिहून तोंड आंबट झालंय. त्या भाषेत मला अर्ज करता येतो, चिडता येत नाही. चिडायला ही वही.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुरावे पाठवले. दणकून पाठवले. वाढीची आकृती काढली, बाण काढले, लॅटिन नावं घातली, दर रविवारी काढलेले फोटो ओळीने लावले, पॅकिंगचा व्हिडिओ जोडला. कुरियरची पावती. शिवाय झाडं कात का टाकतात यावर दीड पान, मनापासून. वाचणाऱ्याला लिथॉप्स आवडायलाच लागतील असं.

आईने मागून डोकावून बघितलं. म्हणाली, कॉलेजात असं एक सबमिशन केलं असतंस तर मी पेढे — जाऊ दे. पूर्ण केलं नाही वाक्य. बरं केलं.

फीचा हिशेब आज पहिल्यांदा नीट बघितला. झाड ॲपवर लावायची फी. विकलं गेलं की कमिशन. गिऱ्हाइकाने पैसे भरले की ते घ्यायची फी. घेतलेले पैसे मला द्यायची फी! माझेच पैसे, माझ्याच हातात ठेवायचे, आणि हात पुढे केला म्हणून हातावर टॅक्स. साबणवाल्या काकू (आमच्या सेलर लोकांच्या ग्रुपवर आहेत, घरी साबण करून विकतात, भेटलो कधीच नाही पण रोज बोलतो) म्हणाल्या, नवीन आहेस म्हणून मोजतोयस. आम्ही मोजायचं सोडलं.

मी नाही सोडणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झाडांना खत घालायची वेळ नाही, पण मला रागात काहीतरी करायचं होतं म्हणून सगळे रॅक पुसले. तेवढ्यात घरमालक काकू धापा टाकत वर आल्या. मागे एक माणूस, मेजरिंग टेप घेऊन. दंड एवढे की टेपच लहान वाटत होती.

जिम काढायचीये म्हणे. उघड्यावरची. गच्चीवर!

काकू वाईट नाहीत. वर्षभर त्यांनी मला गच्ची नुसत्या 'कुंड्या गळू देऊ नकोस' या अटीवर वापरू दिली. पण आता त्यांना भाडं हवंय, अनामत हवीये, आणि जिमवाला दोन्ही द्यायला तयार आहे. म्हणाल्या, "तू पहिला आहेस म्हणून तुला एक तारखेपर्यंत मुदत देते. त्याच्या आत अनामत भरलीस तर गच्ची तुझी. नाहीतर मला नाही म्हणता येणार नाही हं."

अनामत माझ्याकडे आहे! सगळी दिवाळखोरी नाहीये माझी. वर्षभर विकलेल्या झाडांचे पैसे ॲपच्या खात्यातच साठवलेत, काढायची फी वाचावी म्हणून. एकदाच काढू म्हटलं. या महिन्याअखेरीस काढतो आणि काकूंच्या हातावर ठेवतो.

जिमवाला जाताना एका कुंडीवर वाकला. "दगड विकतोस?" म्हणाला. "चालतो का धंदा?"

याच्या डंबेल्सवर कुंड्या ठेवीन मी.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरी झाडांची नवी नावं: आई — 'तुझे धोंडे'. ताई — मलाच 'धोंडोपंत'. सहन करतोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हरलो.

जेवताना आला मेल. मी हात न धुताच फोन घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला, आईला आणि ताईला, शब्दन् शब्द. 'सादर केलेल्या फोटोमध्ये झाड मृत असल्याचं स्पष्ट दिसतं. निर्णय ग्राहकाच्या बाजूने. रिव्ह्यूअर ७४.' बस! माझी आकृती, माझे बाण, माझं दीड पान — कशाचा उल्लेख नाही. उघडलंच नाही त्याने. मी पैज लावतो, उघडलंच नाही!

"स्पष्ट दिसतं म्हणे," मी म्हटलं, "कोण हा शहाणा, सेव्हन्टी-फोर? मराठीत काय म्हणतात गं सेव्हन्टी-फोरला?"

"चौऱ्याहत्तर," ताई म्हणाली. आईच्या आधी.

मग मी चौऱ्याहत्तरचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही, आई म्हणाली भिंतीपलीकडे लोक राहतात. पण मनात आलं ते सगळं बोललो. कुठेतरी एसीत बसलेला ढेरपोट्या. पाय टेबलावर. आयुष्यात एक कुंडी नाही सांभाळलेली. एका हाताने समोसा का सँडविच काय ते, दुसऱ्या हाताने माझी वाट लावतोय. आई हसली. ताई पाणी आणायला उठली आणि बराच वेळ ओट्यापाशीच उभी होती. तिची पाठ धरलीये बहुतेक, दिवसभर खुर्चीत असते. ऑफिसला स्वतःची उशी नेते बिचारी, पाठीला लावायला.

झाडंही त्याच्याकडे, पैसेही त्याच्याकडे. त्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे. फुकटात तीन लिथॉप्स!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच राहिली.

खातं गोठवलं! फक्त या माणसाचे पैसे नाही — सगळे. 'मृत वस्तू पाठवणं' हा गंभीर प्रकार आहे म्हणे, त्यामुळे माझं खातं 'जोखमीचं' झालंय. सहा महिने एक पैसा काढता येणार नाही. विकू मात्र शकतो! कमिशन कापायला त्यांची काही हरकत नाही. माझी जोखीम फक्त पैसे द्यायच्या वेळी.

म्हणजे अनामत अडकली. म्हणजे एक तारखेला गच्ची गेली.

दोन मार्ग आहेत. आईकडे मागणं — तिच्याकडे नाहीयेत, मला माहितीये, आणि असते तरी तिने पहिल्या रॅकच्या वेळी दिलेत तेच परत केले नाहीयेत मी. ताईकडे मागणं — घर तिच्या पगारावर चालतं, आणखी काय मागू? त्यामुळे तिसरा मार्ग. फेरविचाराचा अर्ज. एकदाच करता येतो. एकच!

ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी रडका चेहरा पाठवला. साबणवाल्या काकूंनी फोन केला, पहिल्यांदाच. आवाज मी समजलो होतो त्यापेक्षा खूप जाड आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई गच्चीवर आली! वर्षभरात पहिल्यांदा. ऑफिसचे कपडे, चपला हातात. मी म्हटलं वाट चुकलीस का. म्हणाली, "दाखव तुझे धोंडे."

मी काय, मला कुणी विचारलं की मी सुटतोच. तास गेला असेल. कुठलं कुठल्या वाळवंटातलं, कुठल्याची फुलं पिवळी, कुठल्याची पांढरी, फुलं दुपारी का उघडतात — सगळं सांगितलं. ती उकिडवी बसून ऐकत होती. मध्येच एक कुंडी उचलली, अगदी त्या फोटोतल्यासारखी, वाळून कोळ झालेली.

"हे मेलेलं नाही हे कसं कळतं पण?" म्हणाली.

"बघून."

"मला बघून नाही कळत."

म्हणून मी नखाने वरचं साल सोललं. हलक्या हाताने — खरं तर सोलायचं नसतं, आपोआप गळू द्यायचं असतं, पण दाखवायला म्हणून. आतून हिरवीगार जोडी निघाली. चकचकीत, ओली दिसणारी. ताईने बोट लावून बघितलं. कुंडी जागच्या जागी ठेवली. मला वाटलं कंटाळली.

खाली उतरताना मात्र म्हणाली, "रविवारी अर्ज लिहायला बसू. मी मदत करते."

ताई आणि मदत! शाळेनंतर पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲपच्या मदत-चॅटवर गेलो. 'तुमची गैरसोय मी समजू शकते,' असं लगेच आलं. मी लिहिलं, तुम्ही माणूस आहात का. 'तुमची गैरसोय मी समजू शकते.'

१५ फेब्रुवारी, रविवार

अर्ज झाला. पण केवढं भांडण!

मी आधीच लिहून ठेवला होता, पहिल्यापेक्षा मोठा. ताईने लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि खोडायला सुरुवात केली. लॅटिन नावं — गेली. आकृती — गेली. दीड पान — गेलं! मी म्हटलं, अगं ते तर सगळ्यात भारी आहे. म्हणाली, "वाचणाऱ्याला तेवढा वेळ नसतो."

"तुला काय माहीत?"

"असंच. कुठल्याही ऑफिसात नसतो."

शेवटी उरलं काय — एक फोटो आणि तीन ओळी! फोटोत तीच परवाची कुंडी: अर्धं वाळकं साल तसंच, अर्धं सोललेलं, आतून हिरवं. 'या काळात हे झाड असं दिसतं. साल काढल्यावर आत जिवंत झाड असतं. ग्राहकाला साल काढून फोटो पाठवायला सांगावं.' संपलं. मला लाज वाटत होती इतकं कमी लिहून. ती म्हणाली पहिल्या फोटोत जे दिसतं तेवढंच दिसतं, बाकीचं कुणी उघडत नाही. मग फोटो मोबाईलवर छोटा करून बघितला, छोटा असताना हिरवं दिसतंय का. नाही दिसलं. परत काढला, उन्हात. दिसलं.

हे बरोबर केलं तिने, मान्य.

पण मग मी दुसरा अर्ज काढला. चौऱ्याहत्तरविरुद्धचा. फेरविचाराच्या पानावरच खाली वेगळा रकाना आहे — 'रिव्ह्यूअरबद्दल तक्रार.' तो मी बुधवारीच लिहून ठेवलाय, आणि खरं सांगतो, आजवर लिहिलेलं माझं सगळ्यात चांगलं इंग्लिश आहे ते. ज्याला जिवंत आणि मेलेलं यातला फरक कळत नाही, त्याला त्या खुर्चीवर बसायचा अधिकार नाही, वगैरे. ताईने वाचलं. दोनदा वाचलं बहुतेक.

"हे नको पाठवूस," म्हणाली.

मी म्हटलं का?

"निर्णयावर बोल. माणसावर कशाला? तुझे पैसे सुटण्याशी मतलब."

"त्याने माझं वर्ष घातलं ना पाण्यात!"

"त्याच्यासमोर दिवसाला किती येत असतील, विचार केलायस? मिनिटभर नसेल मिळत एका फाइलला. जास्त वेळ घेतला तर त्याचाच पगार कापत असतील."

"मग सोडावी नोकरी."

ती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. "सगळ्यांना गच्ची नसते, धोंडोपंत."

भिडस्त आहे ताई, पहिल्यापासून. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी तशीच निघून येणारी. तिच्या ऑफिसातही तिला असंच राबवत असणार. 'बॅक ऑफिस' एवढंच माहितीये मला, कुठल्यातरी कंपनीच्या फायली बघते, घरी बोलायचं नाही असं सही करून दिलंय तिने. मी तरी कुठे विचारलंय.

बरं म्हटलं. नाही पाठवत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पाठवला.

फेरविचाराचा पाठवायचा म्हणून पान उघडलं, खाली तो रकाना रिकामा. साबणवाल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नंबर घालून तक्रार कर. नंबर आला की वरचे लोक फाइल उघडतात, नुसत्या अर्जाला कुत्रं विचारत नाही. माझं तसंच सुटलं होतं." आणि का नाही पाठवायचा? मी खोटं काही लिहिलेलं नाही! चुकलेल्या माणसाला चुकला म्हणायचंसुद्धा नाही का आता? विवाद शुल्क मी भरलंय. निदान तेवढं तरी मिळू दे त्याचं.

ताईला नाही सांगितलं. उगाच परत भाषण.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

'तुमचा अर्ज विचाराधीन आहे.' चार दिवस तेच. दर वेळी उघडलं की वरचं चक्र गोल फिरतं.

ताई रोज विचारते, काही आलं का. माझ्यापेक्षा तिलाच जास्त घाई.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जिमवाला एक तारखेची वाट न बघता बाक ठेवून गेला! व्यायामाचा, लोखंडी. माझ्या रॅकला खेटून. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या असू दे रे, बाकच आहे, खात नाही झाडं.

बाकावर बसून झाडांना वाळू चाळली. आरामशीर आहे तसा. हे त्याला कधीच सांगणार नाही.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं गच्ची गेली तर रॅक कुठे लावायचे, ती म्हणाली बाल्कनीत दोन मावतील. दोन! आहेत चौदा. बाकीची झाडं वाटून टाकायची? कुणाला? जो तिसऱ्या दिवशी नळाखाली धरेल त्याला? एकेक बी टाकून वाढवलंय मी. पहिली दोन वर्षं तर ती टाचणीच्या डोक्याएवढी होती, श्वास रोखून पाणी फवारायचो. तेव्हा तर ॲप नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती आवडतात म्हणून.

आज चिडताही येईना.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो!! जिंकलो जिंकलो जिंकलो!

दुपारी आला. 'निर्णय बदलण्यात येत आहे.' त्यांनी खरंच गिऱ्हाइकाला साल काढून फोटो पाठवायला सांगितलं, आणि त्याने पाठवला, आणि आत काय — हिरवं! तीनही! खातं मोकळं. 'झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' विवाद शुल्क परत नाही ते नाहीच, धोरण आहे म्हणे. धोरणाच्या नानाची टांग. पण खातं मोकळं!

गच्चीवर जाऊन ओरडलो. समोरच्या इमारतीतला माणूस खिडकीत आला, त्याला हात केला. त्यानेही केला.

जेवताना आईला आणि ताईला पूर्ण मेल वाचून दाखवला, बॉस स्टाईलमध्ये. शेवटची ओळ तर दोनदा: 'आपल्या तक्रारीनुसार मूळ निर्णयाची तपासणी झाली असून संबंधित रिव्ह्यूअरबाबत योग्य ती कारवाई करण्यात येत आहे.' बघा! कारवाई! असं बोलावं लागतं, मग हलतात!

आईने टाळ्या वाजवल्या.

ताई म्हणाली, "म्हणजे नंबर लिहिलास तू."

मी म्हटलं हो, लिहिला, आणि बघ सुटलं की नाही. आता बोल.

ती म्हणाली, "चांगलं झालं. गच्ची राहिली ना." मग माझी ताटं घासायची पाळी असून तिनेच घासली. मी म्हटलं जिंकणाऱ्याचा मान असतो हा! तर मागे न वळता म्हणाली, हो हो, धोंडोपंत, मान घ्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अनामत भरली. पैसे काढायची फी कापली गेलीच, पण आज माफ. काकूंनी पावती दिली, गच्चीची किल्लीही दिली. स्वतंत्र! जिमवाल्याने बाक उचलला, कुरकुर न करता. शिवाय जाताना एक झाड विकत घेतलं त्याने! म्हणाला, जे मरत नाही असं दे. मी दुप्पट किंमत सांगणार होतो, नाही सांगितली. कार्ड वाचायची शपथ घ्यायला लावली.

आणि गंमत — त्या गिऱ्हाइकाचा मेसेज. त्या! ज्याने हे सगळं केलं. 'सुंदर हिरवी पानं आलीयेत, आता पाणी घालू का?' कसली हिंमत! मी फोन आपटणारच होतो. मग बसलो आणि त्याला मोठ्ठं उत्तर लिहिलं — किती पाणी, कधी, कुठल्या खिडकीत ठेवायचं. काय करू, झाडं त्याच्याकडे आहेत शेवटी.

ताईला हे सांगायला तिच्या खोलीत गेलो. दिवा न लावता पडली होती, अजून ऑफिसच्याच कपड्यात. पाठ दुखतेय म्हणाली. तरी हसली, ऐकून.

उद्या तिला एक कुंडी देणार आहे, टेबलावर ठेवायला ऑफिसात. तीच, अर्धी सोललेली. तिच्या फोटोनेच जिंकलो ना.

२ मार्च, सोमवार

ताई आज ऑफिसला गेली नाही. दाराशी पिशवी — तिची पाठीची उशी, मग, हेडफोन, आणि परवा मी दिलेली कुंडी.

वर गच्चीवर आली आणि त्या कुंडीसकट माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "फायलींवर नावं नसतात रे. एक फोटो आणि दोन बटणं. जेवताना तू वाचून दाखवलंस तेव्हा कळलं."

मी हातातली चाळणी खाली ठेवली.

"मला खरंच मेलेलं वाटलं होतं," म्हणाली.